पाठीवरची बटणं

"कुलूप मी काढायची नाहीं," राजसबाई म्हणाली आणि लॅबच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

व्हरांड्यात अठ्ठावीस मुली रांगेत होत्या. हातात कोऱ्या प्रॅक्टिकलच्या वह्या, अंगावर कोरा युनिफॉर्म. १९७८ सालचा जुलै. त्या वर्षी मद्रासमध्ये अकरावी-बारावी शाळांतच सुरू झाली होती. अड्यारच्या आमच्या मुलींच्या शाळेला त्यासाठी रसायनशास्त्राची नवी लॅब मिळाली होती आणि तिथला पहिला तास माझा होता.

काय झालं, असं मी हळू आवाजात विचारलं. माझा आवाज तसाही हळूच असे.

तिने रांगेतल्या पहिल्या मुलीच्या, कनकाच्या, दावणीचं टोक दोन बोटांत धरलं, दुकानात कापड पाहतात तसं चोळलं आणि माझ्यापुढे केलं.

"हें पाहा, सार. नायलॉन."

तिकडे मोठ्या मुली परकर-पोलक्यावर साडीच्या पदरासारखं कापड कमरेला खोचून खांद्यावरून मागे सोडतात, ती दावणी. आमच्या शाळेची दावणी आजवर सुती होती. नव्या लॅबच्या आनंदात शाळेने नवी काढली, आकाशी रंगाची. तासाभरात वाळते, इस्त्री लागत नाही, म्हणून पालक खूश होते. मीही रंग छान आहे, एवढंच मनात म्हटलं होतं. मी रसायनशास्त्राचा एम.एस्सी. नायलॉन कसं बनतं ते मला फळाभर लिहून दाखवता आलं असतं.

"सुती पेटली तर मी हातानें विझवतें," ती म्हणाली. "अकरा वरुषांत नऊ जणींची विझवली. हें विझत नाहीं. वितळतें आणि अंगास चिकटतें. घरीं तुकडा जाळून पाहिला मी."

नऊ. मला त्यातल्या दोनच माहीत होत्या. उरलेल्या सात वेळी मी बहुधा फळ्याकडे तोंड करून समीकरण लिहीत असणार.

राजसबाई आमची लॅब अटेंडर. तंजावरची, आठवी झालेली, चाळिशीची. तिची मराठी आमच्या साताऱ्याकडच्या मराठीहून इतकी जुनी, की एखादं शंभर वर्षांपूर्वीचं पत्र कुणी वाचून दाखवतंय असं वाटे. शाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मुलींशी ती तामिळमध्ये बोले, आणि तिथे तिचा वचक माझ्यापेक्षा जास्त होता. वेण्या वर बांधलेल्या, बांगड्या काढलेल्या, पाण्याची बादली दाराच्या उजवीकडे आणि वाळूची डावीकडे. वास घ्यायचा तो हाताने हवा ओढून, बाटलीला नाक लावून नव्हे. हे सगळं ती माझ्याच तासांना मागे उभी राहून शिकली होती. मी एकदा सांगून विसरत असे. ती विसरत नसे.

अकरा वर्षं ती टेंपररी होती. नवर्‍याचा रोजगार अंबत्तूरचा कारखाना बंद पडून दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून घर तिच्यावर. लॅब वाढली म्हणून आता तिला पर्मनंट करायचं ठरलं होतं. ऑर्डर टाइप झाली होती. त्या कागदावर फक्त कॉरस्पाँडंटची, म्हणजे शाळा चालवणाऱ्या मालकांची, सही राहिली होती. हे ती जाणून होती, आणि तरी दाराला पाठ लावून उभी होती.

हेडमिस्ट्रेस कामाक्षी अम्मा आल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी समजुतीने सांगितलं, की दावणी घट्ट खोचून घ्यायला लावा आणि तास सुरू करा. राजसबाईने मान हलवली. खोचलेलं टोक वाकलं की सुटतं, आणि स्पिरिटचा दिवा बरोबर तेवढ्याच उंचीवर असतो, असं तिचं म्हणणं. मग अम्मा म्हणाल्या, दावणी काढूनच ठेवा. हे म्हणताना त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि वाक्य तिथेच राहिलं. पुरुष मास्तरासमोर मोठ्या मुली बिनदावणीच्या उभ्या राहणं त्या शाळेत अशक्य होतं.

"तुमच्यामुळें अडलें, सार," राजसबाई मला मराठीत म्हणाली. "तुम्ही काय पाहणार? तुम्हांस समोरची बाटली दिसत नाहीं."

मला हसू आलं, आणि ते अम्मांनी पाहिलं. त्यांनी किल्ली मागितली. राजसबाई म्हणाली, किल्ली देते, पण या कपड्यांत मुलींना आत सोडा असा हुकूम लिहून द्या. अम्मांनी लिहून दिलं नाही. तास झाला नाही. मी मुलींना वर्गात नेऊन क्षारांची नावं लिहायला दिली.

दुसऱ्या दिवशी कॉरस्पाँडंटनी तिला बोलावून घेतलं. आत काय झालं ते तिने बाहेर येऊन दोन वाक्यांत सांगितलं. सोमवारी लॅब उघडायची आणि मुली युनिफॉर्ममध्येच हव्यात. नाहीतर ऑर्डरवर सही नाही.

मी म्हणालो, उघडा. मी स्वतः प्रत्येक टेबलापाशी उभा राहीन. राजसबाईने बोटांवर मोजून दाखवलं. अठ्ठावीस मुली, चौदा दिवे, मी एक.

"मोठ्या कॉलेजांत काय करतात?" तिने विचारलं.

मी सांगितलं, सुती कोट घालतात, गुडघ्यापर्यंत. इथे कोट कोण देणार? आणि मग, केवळ विषय संपवायचा म्हणून, सांगितलं की आमच्या कॉलेजात ज्यांना कोट परवडत नसे ते बापाचा जुना शर्ट उलटा घालत. पुढची बाजू मागे, बटणं पाठीवर. मीही तीन वर्षं तशीच काढली. वर्गात सगळे मला त्यावरून चिडवत. मी ते गंमत म्हणून सांगत होतो.

ती हसली नाही. तिने विचारलं, "बाह्या लांब होत्या कां?"

शनिवारी शाळा सुटल्यावर ती फाटकाशी उभी राहिली आणि प्रत्येक मुलीला थांबवून काहीतरी सांगत होती. मी सायकल घेऊन शेजारून गेलो. काय सांगते आहे हे मला कळलं होतं. मी थांबलो नाही.

सोमवारी मुली आल्या त्या पिशव्या घेऊन. व्हरांड्यात पिशव्या उघडल्या आणि अख्खी वस्ती बाहेर पडली. पोस्टमनचा खाकी शर्ट, बस कंडक्टरचा खाकी, रेल्वेचा पांढरा, आवडी गावातल्या कारखान्याचा निळा, कनकाच्या बापाचा खिशावर कारखान्याचा शिक्का असलेला शर्ट. राजसबाई एकेक कापड बोटांत चोळून पाहत होती. बँकेतल्या साहेबांच्या मुलीचा शर्ट तिने परत केला. टेरिलिन, तेही वितळणारंच. ती मुलगी रडायला लागली, तेव्हा कंडक्टरच्या मुलीने आपल्या पिशवीतून दुसरा, विरलेला पण सुती, काढून तिला दिला.

तेवढ्यात कॉरस्पाँडंट आले. बरोबर कामाक्षी अम्मा.

ते शर्टांकडे बघत राहिले. मग विचारलं, इथे नाटक आहे का. मुलींच्या शाळेत मुली पुरुषांचे कपडे घालणार आणि ते रस्त्यावरून लोक बघणार? राजसबाईने शांतपणे सांगितलं, की युनिफॉर्म अंगावर आहेच, शर्ट वरून आहे, आणि तास संपला की निघेल. यात तिचं काय चुकलं ते मला आजही कळलेलं नाही. बहुधा ती खाली बघून बोलली नाही एवढंच.

त्यांनी हात पुढे केला. तिने कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी सांगितलं, आजपासून हिने लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही. मुलींना पाणी द्यायला पिंपापाशी बसायचं. ऑर्डरचं नंतर बघू, असं म्हणाले. नंतर कधी पाहिलं गेलं नाही.

किल्ली त्यांनी मला दिली. आता तास घ्या, म्हणाले, आणि ते शर्ट आधी पिशव्यांत घालायला लावा.

मी कुलूप काढलं. दार ढकललं. आणि दारात उभा राहिलो. माझी तामिळ मोडकी. तरी एक वाक्य नीट आलं.

"शर्ट नसेल तिला मी आत घेणार नाही."

पुढे काही सुचलं नाही. सुचायची गरजही नव्हती, कारण त्या महिन्यात शाळेची सरकारी तपासणी होती आणि रसायनशास्त्राचा दुसरा एम.एस्सी. त्यांच्याकडे नव्हता. हे मला बोलण्याआधी माहीत होतं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. बहुधा होतं. राजसबाईजवळ असं काही नव्हतं.

कॉरस्पाँडंट बाजूला सरकले. मुलींनी शर्ट उलटे चढवले. बाह्या बोटांखाली लोंबत होत्या, कॉलर हनुवटीला लागत होती. पण बटणं पाठीवर. त्यांचे हात तिथे पोचेनात. एकमेकींची लावता आली असती. कंडक्टरच्या मुलीने तसा हात पुढेही केला होता.

कनका तिच्याकडे वळली नाही. ती व्हरांड्याच्या टोकाला गेली, जिथे राजसबाई पिंपाशी उभी होती, आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली.

राजसबाईने एक क्षण कॉरस्पाँडंटकडे पाहिलं. मग पहिलं बटण मानेपाशी लावलं, मग दुसरं. मोकळ्या दावणीचं टोक शर्टाच्या आत सरकवलं, बाह्या मनगटापर्यंत दुमडल्या, आणि कनकाच्या खांद्यावर थाप मारली. कनका माझ्याजवळून आत गेली.

तोवर मागे रांग लागली होती. सगळ्या पाठमोऱ्या. कॉरस्पाँडंट आणि अम्मा उभे होते आणि राजसबाई वरून खाली बटणं लावत होती, एकेकीची, जराही घाई न करता. मी दार धरून ठेवलं होतं.

शेवटची मुलगी बँकेच्या साहेबांची. विरलेल्या शर्टाचं मधलं बटण तुटलेलं. राजसबाईने पदराला लावलेली सेफ्टीपिन काढली, कापड दोन्ही बाजूंनी ओढून जुळवलं, पिन लावली आणि ती टोचत नाही ना, हे पाहायला तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"आत जा," ती म्हणाली. "केस वर बांध."