दाट सोलकढी

आमचे हे, म्हणजे हरिश्चंद्र, एसटीत ड्रायव्हर होते. दापोलीच्या रस्त्यावरची वळणं झोपेतही पाठ, पण घरात साखरेचा डबा कुठे असतो ते निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हतं. असा माणूस एके दुपारी खवणी घेऊन नारळ खवायला बसला, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले.

कारण होतं माझं दुखणं. शेजारच्या बारशाला कोंबडी-वडे जेवून आले आणि संध्याकाळी उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की पार पाठीपर्यंत गेली. हे म्हणाले, "गॅस झालाय गो. ओवा खा." आणि नाक्यावर मित्रांशी गप्पा मारायला निघून गेले. परतले तेव्हा मी मोरीपाशी आडवी पडलेली. रत्नागिरीला नेलं, सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडे निघाले. तेव्हापासून ह्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा. माफी मागायची ह्यांना सवय नाही. त्याऐवजी ते नारळ खवू लागले.

डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं होतं, "आधी सूज उतरू दे, मग दुर्बिणीतून ऑपरेशन करू. तोवर तेल, तूप, तळलेलं, मटण सगळं बंद. थोडं थोडं खा. परत जोरात दुखलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर गोळी घेऊन घरी बसू नका, थेट या. मध्येच बिघडलं तर घाईघाईत पोट उघडायची वेळ येईल." आम्ही दोघांनी शहाण्यासारख्या माना हलवल्या. नारळाचं नाव त्यांनी काढलं नाही, आम्हीही विचारलं नाही. विचारायचं काय? आमच्याकडे आमटीत नारळ घालायचा म्हणजे पाणी घालण्यासारखंच. तो कोणी मोजण्यात धरतच नाही.

घरातून तेलाचा डबा हद्दपार झाला. मी मऊ भात आणि बिनफोडणीची डाळ खाऊ लागले. आणि रोज दुपारी हे माझ्यासाठी सोलकढी करू लागले, कारण पोटाला सोलकढीसारखं थंड काही नाही, असं त्यांची आई म्हणायची. खोबरं वाटायचं, फडक्यात घालून पिळायचं, फक्त पहिलं घट्ट दूध घ्यायचं, त्यात आमसुलांचा कोळ. मीठ नेहमी कमी. मी कधी बोलले नाही. वाटी माझ्या हातात देऊन ते समोर बसायचे आणि शेवटचा घोट जाईपर्यंत बघत राहायचे. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्याकडे इतकं टक लावून त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मीठ कमी आहे म्हणायला जीभ कशी वळणार?

पण दुपार कलली की बरगडीखाली दुखायला लागायचं. जोराचं नाही, नुसतं कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं. मी कधी डाळीला दोष दिला, कधी वाकून केर काढल्याला. हे गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचे आणि म्हणायचे, "उद्या अजून दाट करतो."

मग एकदा हे कुणाच्या तरी कार्याला पावसला गेले. मी एकटीने पेज आणि उकडलेला दुधी खाल्ला. संध्याकाळपर्यंत काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोलकढी, पुन्हा अंगठा. त्या दिवशी वाटी मीच घासायला घेतली. पाणी ओतलं तर वाटीवरून थेंब थेंब घरंगळायला लागलं, बोटं बुळबुळीत झाली. मी तशीच मोरीत बसून राहिले. ज्या खोबऱ्याचं तेल जन्मभर केसांना चोपडलं, तेच मी तेल सोडून वाटी वाटी पीत होते. अकलेचे दिवे नुसते!

आता ह्यांना सांगायचं कसं? पहिल्या दिवशी ओवा देऊन गेले, ते अजून त्यांच्या मनातून जात नव्हतं. त्यात ही माफीच मला दुखवतेय असं सांगितलं, तर हा माणूस खचला असता. मी मार्ग काढला. "मागच्या पडवीत वाऱ्याला बसून पिते," म्हणायचं आणि वाटी केळीच्या बुंध्याशी रिकामी करायची.

दुखणं थांबलं. मी अंगणात फेऱ्या मारू लागले. हे असे खूश झाले की विचारू नका. येईल त्याला सांगायचे, "औषध कसलं? माझ्या सोलकढीचा गुण हाय." मी गालातल्या गालात हसायचे. माझं काय जात होतं?

काय जाणार होतं, ते एका सकाळी समोर आलं. हे तांब्या भरून, वर ताटली झाकून निघाले होते. मी विचारलं, "कुठे?"

"पलीकडच्या हौसावहिनीकडे. तिला पण तुझ्यासारखेच खडे निघालेत, कालपासून कळवळतेय. म्हटलं, दाट करून देतो."

मी धावत जाऊन दारात आडवी उभी राहिले. "अहो, थांबा. नेऊ नका. त्याने वाढेल तिचं."

"येडी का खुळी तू? तुला गुण आला ना?"

"मी पीत नव्हते," मी म्हणाले आणि मग सगळंच सांगून टाकलं. वाटी, बुळबुळीत बोटं, केळ.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आधी रोज दुखत होतं? मी समोर बसलेलो तेव्हा?"

"जरासं."

"आणि तरी पीत होतीस?"

त्यांनी मागे जाऊन तांब्या केळीला ओतला. येताना डोळे पुसले आणि माझ्यावर ओरडले, "गाडीत काय बिघाड झाला तर कंडक्टर बोंब मारायचा माझ्या नावानं! तू बायको असून गप्प? दुखलं तर सांगायचं गो. मला वाईट वाटेल म्हणून मरणार होतीस काय?" मग आम्ही दोघं हौसावहिनीकडे गेलो, रिकाम्या हातांनी, आणि तिच्या मुलाला सांगून तिला आधी दवाखान्यात पाठवलं.

घरी आल्यावर ह्यांनी खवणी माळ्यावर टाकली. नारळाशिवाय घास न उतरणारा माणूस माझ्याबरोबर बिननारळाची आमटी जेवू लागला. तोंड कडूजहर करून, पण एक शब्द न बोलता.

ऑपरेशन ठरल्या तारखेला, दुर्बिणीतूनच झालं. टाके सुकले, तपासणीत डॉक्टरबाई म्हणाल्या, आता हळूहळू सगळं खा. त्या दिवशी खवणी खाली आली. ह्यांनी दुसऱ्या पाण्याची, पातळशी, अर्धी वाटी सोलकढी केली आणि समोर बसले. मी एक घोट घेतला.

"काय गो? दुखतंय का? खरं सांग."

"दुखत नाही," मी म्हणाले. "मीठ कमी आहे. पहिल्या दिवसापासून कमी आहे."