शिवणीतला पितळेचा कण

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी शिवायची मशीन आहे. आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही अजून बसलेला नाही. कुणाच्या हाताला काही चिकट लागले असेल तर त्याने जरा लांबूनच ऐकावे.

कपडे शिवायची मशीन तुम्ही पाहिली असेल. ती एका जागी बसते आणि कापड तिच्याकडे येते. माझे सगळे उलटे आहे. लांबलचक चौकटीवर गोधडी ताणून बसवतात आणि मला दोन मुठींना धरून तिच्यावर फिरवतात. माझी मान लांब आहे, पायांना चाके आहेत, आणि डोक्यावर एक छोटा दिवा आहे. असे हिंडायचे काम असले की नजरेतून फारसे काही सुटत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बसलेला असे. तो प्रत्येक स्क्रू पुन्हा पिळून बघायचा आणि सगळे ठीक निघाले तरी फक्त ‘हं’ म्हणायचा. माझ्या कानावर पडलेला पहिला शब्द तोच. पुढे एका गादीवाल्याने मला विकत नेले. त्याने माझ्याकडून ढोरमेहनत करून घेतली, तेलाच्या नावाने मात्र ठणाणा. माझे एक चाक झिजले तेव्हा त्याने ते ग्रीसखाली दडवले, मला नवा रंग फासला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला “अगदी नव्यासारखी आहे” असे सांगू लागला. तेव्हापासून गोड बोलणारा माणूस दिसला की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

मला बघायला गोधड्या शिवून देणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी गादीवाल्याचे सगळे बोलणे ऐकून घेतले, कमरेचा रुमाल काढला, नेमके त्याच चाकावरचे ग्रीस पुसले आणि म्हणाल्या, “हं.” मला तेव्हाच कळले की आपले हिच्याशी जमणार.

मावशींचे काम असे होते. लोक घरी हौसेने कापडाचे तुकडे जोडतात. चौकोन, त्रिकोण, जुन्या शर्टांच्या पट्ट्या, जे असेल ते. पण नुसते तुकडे जोडून गोधडी होत नाही. खाली अस्तर, मध्ये कापसाचा थर, वर ते जोडकाम, आणि तिन्ही एकत्र धरून ठेवणारी शिवण लागते. तिथे बहुतेकांचा धीर सुटतो. मग ते जोडकाम पिशवीत कोंबून मावशींकडे येतात. मावशी ते टेबलावर पसरत, त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरत आणि मेणखडूने नक्षी काढून दाखवत. लाटा, पाने, वेटोळी, चौकडी. एक पुसायची, दुसरी काढायची. गिऱ्हाइकाने मान डोलावली की ती नक्षी मी उमटवायची. शेवटी मावशींची धाकटी नणंद चारी कडांना गोट लावायची आणि गोधडी घरी जायची. गोधडी अंगावर घेऊन बघताना लोकांचे चेहरे उजळत. कौतुक अर्थात मावशींचे व्हायचे. मला एखादा थेंब तेल मिळायचे.

मावशींचा धंद्यातला एक नियम होता. गिऱ्हाईक काय सांगते ते ऐकायचे, पण जोडकाम उलटे करून बघायचे. मागच्या बाजूला टाके, गाठी, उसवाउसव सगळे उघडे पडते. “थोडंसंच राहिलंय” म्हणणाऱ्यांचे निम्मे राहिलेले असे. “सगळं मीच केलं” म्हणणाऱ्यांच्या मागे आईचे टाके निघत. मावशी कुणाला तोंडावर काही बोलत नसत. नणंद मात्र गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत सुरू व्हायची.

तर एके दिवशी कुलूपवाला आला. कोपऱ्यावर त्याचे किल्ल्या बनवायचे टपरीवजा दुकान होते. ज्याला कुठलेही दार उघडता येते, त्याच्यावर मी विश्वास ठेवावा अशी तुमची अपेक्षा असेल तर तुम्ही फार भोळे आहात. त्याने छातीशी धरलेली पिशवी टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही काढला नाही.

“ताई, एवढी शिवून द्या,” तो म्हणाला. “पण दाट शिवा. एकदम बारीक नक्षी. खालचं जोडकाम कुणाला नीट दिसता कामा नये.”

“जोडकाम दिसावं म्हणून तर लोक शिवून घेतात, भाऊ,” मावशी म्हणाल्या. “कुणी केलंय?”

“घरातलंच आहे.”

“घरातल्या कुणी?”

त्याने किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “आणि उलटी करून बघू नका. घरी निरोपही पाठवू नका. मीच येऊन विचारत जाईन.” एवढे बोलून तो गेला. जाताना त्याने दाराच्या कुलपाकडे बघितले. आता कुलूपवाला कुलपाकडे बघणारच, पण मला ते बघणे आवडले नाही.

तो वळणापलीकडे गेल्याबरोबर मावशींनी जोडकाम उलटे केले. नणंद कात्री टाकून धावत आली. अर्ध्या भागातले टाके बारीक, एकसारखे, मुंग्यांच्या रांगेसारखे. उरलेल्या अर्ध्यात टाके लांबलचक, गाठी मिऱ्याएवढ्या, आणि कापडावर जागोजागी काळपट बोटांचे ठसे.

“वहिनी, पार्लरवालीची गोधडी,” नणंद हळूच म्हणाली.

मित्रांनो, इथे तुम्हाला सांगायला हवे. पलीकडच्या गल्लीतल्या पार्लरवालीने अर्धे झालेले जोडकाम धुऊन गच्चीत वाळत घातले होते आणि ते दोरीवरून नाहीसे झाले होते. तिने ही गोष्ट केस कापायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगितली होती, म्हणजे सगळ्या वस्तीला ठाऊक होती.

“अर्धी तिची, अर्धी ह्याने कशीतरी पुरी केली,” नणंद म्हणाली. “आता वरून दाट शिवली की ओळखायला नको. मी सांगतेच तिला जाऊन.”

“आत्ता नको. आधी चौकटीवर चढव. ताणल्यावर काय ते कळेल.”

पुढचे काही दिवस कुलूपवाला रोज येऊन दारातूनच विचारायचा, “झाली का?” मावशी म्हणायच्या, “होतेय.” दोघेही एकमेकांना ताकास तूर लागू देत नव्हते. मी दिवा बारीक करून दोघांचे बघत होते.

नणंदेच्या पोटात काही राहत नाही. एका दुपारी ती दोरा आणायच्या निमित्ताने सटकली. इकडे मावशींनी मला मुठींना धरले आणि कडेने कच्चा टाका घालायला घेतला. बारीक टाक्यांच्या भागावरून मी सरसर गेले. काळपट ठशांच्या भागात शिरले आणि एका शिवणीवर माझी सुई कशावर तरी आदळून मोडली. सुई मोडली की माझ्या सगळ्या अंगातून कळ जाते. मनात म्हटले, सापडले. आत काहीतरी लपवलेले आहे.

मावशींनी ती शिवण उसवली. आतून निघाला पितळेचा एक वळलेला कण. किल्ली घासताना उडतो तसला. मावशींनी तो तळहातावर घेतला, खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी ती शिवण बोटांनी पुढे चाचपली. कण आणखीही होते.

तेवढ्यात नणंद पार्लरवालीला घेऊन आली. आणि त्यांच्या मागोमाग, रोजच्या वेळेला, कुलूपवालाही दारात उभा राहिला. नणंदेचा चेहरा बघून तो काय ते समजला असावा. तो ना आत आला, ना मागे फिरला.

पार्लरवाली चौकटीवर ओणवली. तिने इकडून बघितले, तिकडून बघितले आणि नाक मुरडले.

“माझी नाहीये ही. माझे कोपरे कोपऱ्याला भिडतात. हे काय, डोळे मिटून जोडलंय की काय कुणी? चांगल्या कामाची माती केली.”

कुलूपवाला आपल्या हातांकडे बघत होता. मावशी त्याच्यापाशी गेल्या आणि तळहात पुढे केला.

“भाऊ, हे तुमच्या दुकानातलं ना?”

त्याने मान हलवली. “कितीही झटकलं तरी राहतंच,” तो म्हणाला. मग आत येऊन स्टुलावर बसला. “बायकोची आहे. अर्धी झाली आणि तिचा उजवा हात गेला. हात आहे, पण उचलत नाही. तिने सगळं बांधून मला दिलं, म्हणाली, कुणालातरी देऊन टाक, माझ्या डोळ्यासमोर नको. मी दिली नाही. दुकानात गिऱ्हाईक नसताना बसून जोडली. तिला वाटतं मी देऊन टाकली.”

“मग उलटी करू नका का म्हणालात?” नणंदेने विचारले. तिचा आवाज बराच खाली आला होता.

“लाज वाटते हो. तिचं काम बघा आणि माझं बघा. ह्या बाई म्हणाल्या तेच. माती केली. म्हणून म्हटलं, वरून दाट नक्षी टाकली तर झाकून जाईल.”

पार्लरवाली ओशाळली. आपले गिऱ्हाईक थांबलेय असे काहीतरी पुटपुटत ती निघून गेली. तिचे जोडकाम पुढे खालच्या मजल्याच्या पत्र्यावर सापडले. वाऱ्यावर पोलीस लावता येत नाहीत, नाहीतर तिने तेही केले असते.

मावशींनी टेबलावर प्लास्टिक अंथरले आणि खडू घेतला. आधी त्यांनी बारीक बारीक गोल काढले, खडी पसरल्यासारखे. “ही तुम्हाला पाहिजे ती नक्षी. सगळं झाकेल. पण एवढी दाट शिवण घातली की गोधडी पुठ्ठ्यासारखी कडक होते. अंगावर पडत नाही, दुमडत नाही. त्यांना एका हाताने ओढून घ्यायचीय ना?”

मावशींनी गोल पुसून मोठमोठ्या, सैल लाटा काढल्या. “ही मऊ राहील. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ओढली तरी येईल.”

“पण माझे कोपरे दिसतील.”

“दिसतील.”

खरे सांगते, तो दाटच मागेल असे मला वाटले होते. चारचौघांत झालेला अपमान ताजा होता, आणि माणूस आधी स्वतःची लाज झाकतो असाच माझा आजवरचा अनुभव. त्याने लाटांवरून बोट फिरवले. “मऊच करा,” तो म्हणाला. “पण ती विचारायला आली तर अर्धं काम तुमच्या दुकानात झालं म्हणून सांगा. आणि माझी बाजू पायाकडे राहू दे.”

मावशींनी कबूल केले. शिवणींमधले कण त्या आणि नणंद दोघी मिळून चिमट्याने वेचत बसल्या. मग मी त्या गोधडीवर लाटा काढल्या. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या लाटा त्याच. पायाकडची बाजू कळावी म्हणून नणंदेने त्याच्या भागाच्या कडेला निळ्या फितीचा तुकडा शिवला.

गोधडी घ्यायला नवरा-बायको दोघे आले. तेव्हापासून मी त्यांना कुलूपवाले काका आणि काकू म्हणते. काकूंचा उजवा हात ओढणीत गुंडाळलेला होता. त्या डावा हात गोधडीवरून सावकाश फिरवत गेल्या. आपल्या भागावरून सहज गेल्या, मग बोटे अडखळली. एका वाकड्या कोपऱ्यावर त्या थांबल्या, पुढच्यावर थांबल्या. त्यांच्या नजरेत संशय होता आणि तो माझ्या ओळखीचा होता.

“हे अर्धं कुणी केलं?”

“आमच्या दुकानात झालं,” मावशी म्हणाल्या. इतके वाईट खोटे बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

काकूंनी नणंदेच्या सरळसोट गोटाकडे बघितले, मग त्या कोपऱ्यांकडे. “तुमच्या दुकानात असे कोपरे जोडत असतील, तर हे दुकान केव्हाच बंद पडलं असतं.” मग त्यांनी काकांचा हात उचलून पालथा केला आणि त्यांच्या नखांतली काळी रेघ बघितली. काका जमिनीकडे बघत होते. काकूंनी तो हात सोडला नाही.

“ही निळी फीत कशाला?” त्यांनी विचारले.

“पायाकडची बाजू कळावी म्हणून,” नणंद म्हणाली.

“उसवा ती आणि दुसऱ्या टोकाला लावा. ही बाजू मी उशाकडे घेणार.”

मित्रांनो, त्या गोष्टीला आता फार वर्षे झाली. मावशींचे गुडघे दुखतात, माझ्यामागे चालत हिंडणे त्यांना झेपत नाही. मी चादरीखाली झाकलेली कोपऱ्यात उभी असते. कधीमधी कुणी चादर उचलून बघते आणि मी आधी त्याच्या हातात रंगाचा डबा आहे का ते बघते. मला रंग फासून, नव्यासारखी म्हणून पुन्हा कुणाच्या गळ्यात तर मारणार नाहीत ना? संशय काही गेलेला नाही. तो माझ्याबरोबरच भंगारात जाईल.

तुम्ही चादर उचलाल तर माझ्यावरची धूळ पुसा. चाकांना तेल द्या, सुई गंजली असेल तर बदला. माझ्या मानेवर चिकटपट्टीचा एक पिवळा पडलेला तुकडा दिसेल. तो मावशींनी लावलेला आहे आणि त्याच्या खाली तो पितळेचा कण आहे. बाकी सगळे घासूनपुसून लख्ख करा, पण तेवढी पट्टी काढू नका.