मला बर्फातून कोणी काढलं

"तुम्हाला बर्फातून बाहेर कोणी काढलं?"

"गुलनूर एजे, हे तुम्ही चौथ्यांदा विचारताय," मी कढईतला कांदा परतत म्हणाले. "सात वर्षांची होते तेव्हा विचारलंत, मग सतराव्या वर्षी, सत्ताविसाव्या वर्षी, आणि आज परत. मधल्या मधे माणूस बदलणार आहे का?"

"तरी सांगा. मला लिहायचंय."

गुलनूर एजे बिश्केकच्या विद्यापीठात माणसाच्या आठवणींचा अभ्यास करतात. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणते. आमच्या खिंडीत हिमकडा कोसळून शाळेची गाडी उलटली, त्यानंतर वीस दिवसांनी त्या पहिल्यांदा वही घेऊन आल्या. मग दर दहा वर्षांनी येत राहिल्या. एकच प्रसंग माणूस वर्षानुवर्षं कसा सांगतो, त्यात काय हलतं, काय राहतं, हे म्हणे त्यांना बघायचं असतं. मला हा रिकामटेकडा उद्योग वाटायचा. आठवण ती आठवण, तिला काय पाय फुटतात?

मी नेहमीचंच सांगितलं. बाकीची पोरं गाडीतून आपली आपण निघाली, मी मात्र बाहेर फेकली जाऊन गाडली गेले. कालमुरात अतांनी बर्फ उकरून मला ओढून काढलं आणि आपल्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात घेतलं. कोटाला डिझेलचा आणि चरबीचा वास होता. माझे वडील आदल्याच वर्षी वारले होते. कालमुरात रस्त्यावरचं बर्फ काढणारा ट्रॅक्टर चालवायचे, त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांना अता म्हणते, सख्ख्या बापाला म्हणावं तसं. माझ्या लग्नात बापाच्या जागी तेच बसले. दर शरदात पहिली मेंढी कापली की तिचं डोकं मानाचा वाटा म्हणून त्यांच्यापुढे जातं. त्यांची बायको गेल्यापासून त्यांचं धुणं मी धुते, आणि माझी तिन्ही पोरं त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली.

गुलनूर एजेंनी सगळं लिहून घेतलं आणि वही मिटली. "सायरा, अभ्यास यंदा संपला. ज्याला हवं त्याला आपली जुनी उत्तरं आता बघता येतील. बघायलाच हवीत असं नाही."

त्या हे अशा सुरात म्हणाल्या की शहाण्या माणसानं तिथंच ओळखलं असतं. मी म्हटलं, "आणा की."

कागद पिवळा पडला होता. सात वर्षांची मी बोलले होते आणि त्यांनी शब्दन् शब्द उतरवला होता. 'काळोख होता. मग झूराकान एजेचा हात आला. मी तो चावले. तिनं मला ओढलं. तिच्या टपालाच्या घोड्यावर बसवलं. मग ट्रॅक्टर आला. कालमुरात काकांच्या कोटात ऊब होती.'

मी तीनदा वाचलं. तोवर कांदा करपला.

"हे मी बोललेच नाही."

"तुम्हीच बोललात. सतराव्या वर्षीच्या उत्तरात झूराकान नव्हती."

"म्हणजे मी खोटारडी?"

"नाही हो. हात खरा आणि कोटही खरा. आठवण काही पेटीत घडी घालून ठेवलेली नसते. दर वेळी आपण ती नव्यानं रांधतो. तुम्ही बालवाडीत रोज साठ पोरांचं रांधता, तुम्हाला मी काय सांगू? हात एकदाच मिळाला, कोटाची ऊब तुम्हाला वर्षानुवर्षं मिळत राहिली. हळूहळू तो हात त्या कोटाचाच झाला."

"आणि तुम्हाला तीस वर्षं ठाऊक होतं."

"होतं. पण सांगायची मुभा नव्हती. सांगितलं असतं तर पुढची उत्तरं तुमची राहिली नसती." त्यांनी मान खाली घातली. "दर वेळी तुमच्याकडे जेवताना घास उतरत नसे."

मला इतका संताप आला होता की बोलले असते तर नको ते तोंडून गेलं असतं. पण पाहुण्याला चहाशिवाय उठवत नाहीत. त्यांच्यापुढे चहा आणि साय ठेवली, बूट चढवले आणि निघाले.

अता भिंतीला टेकून ऊन खात बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, "मला बर्फातून तुम्ही काढलंत?"

"नाही," ते म्हणाले. भाजीत मीठ नाही म्हणावं, इतक्या सहज.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो नाही? तुझ्या लग्नात भर पंगतीत उभा राहून सांगितलं, पोरीला मी काढलं नाही, मी नुसता ट्रॅक्टर हाकला. तर लोक म्हणाले, बघा, काय मनाचा मोठेपणा. तुझ्या सासऱ्यानं तर मिठीच मारली. तेव्हापासून मी कानाला खडा लावला."

हसावं का रडावं ते मला कळेना. मी हळूच म्हटलं, "मग मी तुमची कोण?"

हेच विचारायला मी धावत आले होते. तोंडून निघेपर्यंत मलाही ते कळलं नव्हतं.

अतांनी पाय जवळ घेतले. "काल कोण होतीस?"

"मुलगी."

"मग या सदऱ्याची गुंडी लाव. चार दिवस झाले तुटून."

मी सुईत दोरा ओवला. डोळे भरले होते, त्यामुळे दोनदा चुकले. गुंडी लावून झाल्यावर ते म्हणाले, "झूराकाननंच बजावलं होतं, माझं नाव घेऊ नकोस म्हणून. जा तिच्याकडे."

झूराकान एजे आमच्या गावची जुनी टपालवाली. ओढ्यापलीकडे राहते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून तुटलेली आहेत. पत्र देताना हमखास खाली पडायचं. आम्ही शाळकरी पोरं तिच्यामागे बोटं दुमडून कागद पाडत चालायचो. त्यात मी सगळ्यांत पुढे. ती वळून बघायची आणि स्वतःही हसायची.

मी आत गेले तेव्हा ती पीठ मळत होती.

"तुमचा हात मी चावले होते," मी म्हटलं.

ती थांबली. "तीस वर्षांनी सांगायला आलीस होय? चांगलीच चावलीस. म्हणून तर कळलं, पोर जिवंत आहे."

"तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? माझी चार पोरं, वर सासू आणि तो अडेलतट्टू घोडा. मला काय कमी होतं? तुला बाप नव्हता, त्याला लेकरू नव्हतं. तू त्याच्या कोटाला चिकटलीस ती सुटेनास. जुळत आलेल्या घरात मी कशाला मधे जाऊन बसू?"

"आणि ही बोटं?"

"हातमोजे काढले होते ना. मोज्यातून समजत नाही, हाताला लागलाय तो दगड आहे का पोराचं तोंड." तिनं बोटांवरचं पीठ खरवडलं. "दोन बर्फानं गेली. आठ आहेत."

मी तिच्यापुढे बसले. "एजे, तुमच्या मागे मी…"

"ठाऊक आहे. सगळ्यांत हुबेहूब नक्कल तुझीच असायची."

ती चेष्टेनंच म्हणाली, टोमणा म्हणून नाही, आणि त्यानंच मला रडू फुटलं. तिचा तो पिठाचा हात मी दोन्ही हातांत धरून डोळ्यांना लावला. म्हटलं, "मी आहे, माझी तीन पोरं आहेत, ती तुमच्यामुळे. अता मला मिळाले तेही तुमच्यामुळेच. हे मी फार आधी म्हणायला हवं होतं."

"आता म्हणालीस ना," ती म्हणाली. मग परातीकडे बघत म्हणाली, "बोटं नसली की पीठ एकजीव होत नाही बघ. या हाताला तेव्हापासून ते जमलंच नाही."

मी बाह्या सारल्या आणि परात पुढे ओढली. रोज साठ पोरांची कणीक मी बोलता बोलता मळते. त्या दिवशी घाई केली नाही. झूराकान एजे खिडकीशी बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. तिला नुसतं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.