एझराचा थांबा

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी थॅडियस ब्रॅसवेल परीक्षेला निघालेल्या पोरासारखा गिटार छातीशी धरून बसला होता, आणि त्याची बायको ओडेसा गाडी चालवता चालवता मजा बघत होती.

"अख्खं जग फिरून ब्लूज वाजवलंस, आणि आता एका म्हातारीला घाबरतोस होय?"

"साधी म्हातारी आहे का ती? गुरूची बायको आहे!"

तेही खरंच. एझरा टेटने त्याला पंधराव्या वर्षी गिटार धरायला शिकवलं. एझरा वारला, तशा त्याच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव आदराने मिस व्हर्लीन म्हणायचं, मुलीकडे शिकागोला गेल्या, त्या चाळीस वर्षांनी आत्ता मिसिसिपीत परतल्या होत्या. एझराच्या गाण्यात थॅडियसने आफ्रिकेतल्या माली देशातल्या वादकांकडून उचललेली एक चाल गुंफली होती. मिस व्हर्लीननी नाक मुरडलं, तर ती जन्मात पुन्हा वाजवायची नाही, असं या हट्टी बाबाने ठरवून टाकलेलं.

एक गोष्ट मात्र त्याने कधी बदलली नव्हती. तिसऱ्या ओळीनंतर एझरा मध्येच एक ठोका थांबायचा. थॅडियसने तो थांबा देवासारखा जपला. "आपल्या काळ्या लोकांचं सगळं दुःख यात आहे," असं सांगून शिष्यांना तिथे डोळे मिटायला लावायचा. दोन ड्रमवाले वैतागून सोडून गेले, पण थांबा हलला नाही.

मिस व्हर्लीन ओसरीवर तळलेला मासा खात होत्या. वय त्र्याण्णव, नजर गेलेली, कान मात्र शाबूत. थॅडियसने वाजवलं. थांबा आला आणि त्या खो खो हसत सुटल्या.

"अरे वेड्या, तेही उचललंस? तिथे एझरा डब्यात तंबाखूची पिंक टाकायचा!"

ओडेसाने पोट धरलं. "अगं बाई! साठ वर्षं पिंक जपलीस रे!"

थॅडियसचं तोंड एवढंसं झालं. "आणि नवी चाल?" त्याने कसंबसं विचारलं.

"गोड आहे की. त्यानेही चोरली असती. परत वाजव."

त्याने वाजवलं. या वेळी लाजेने थांबा गाळला. मिस व्हर्लीनचा हात एकदम वर झाला. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"गाळलास का?"

"आता कळल्यावर कसा थांबू, मिस व्हर्लीन?"

"तू थांबलास ना, तेव्हा मला तो डब्याकडे वाकल्यासारखा वाटला रे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी डोळे पुसले. "पुन्हा घे. आणि त्याला नीट थुंकू दे."