नववा रकाना

नववा रकाना रिकामा ठेवून पुढं सरकता येत नव्हतं. गुंडूरावांनी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा पडद्यावर लाल अक्षरांत तीच सूचना उमटली. गेल्या दहा वर्षांत शाळेत घडलेली सुरक्षिततेसंबंधीची घटना, तिचं कारण, जबाबदार कर्मचाऱ्याचं नाव आणि आधार क्रमांक. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते. पोर्टल पाचला बंद होणार होतं.

शाळा सुरक्षा अनुदानाच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. बेंगळुरूतल्या कोरमंगल्याच्या जुन्या वस्तीतली ही शाळा तिथल्या मराठी कुटुंबांच्या एका संस्थेनं साठ वर्षांपूर्वी काढली, तेव्हा आजूबाजूला रागीची शेतं होती. आता एका बाजूला बिर्याणीचं हॉटेल आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या ऑफिसांची रांग. कंपाउंडची भिंत कमरेएवढी होती आणि मागच्या बाजूला दहा फूट पडलेलीच होती. जेवण पोचवणाऱ्या पोरांच्या स्कूटर त्या खिंडारातून आत येऊन झाडाखाली उभ्या राहत. अनुदान मिळालं तर उंच भिंत, नवं फाटक, पालकांसाठी खोली आणि कॅमेरे होणार होते.

मुख्याध्यापिका सुचेता मॅडम तीन महिने या अर्जामागं लागल्या होत्या. नवऱ्याच्या नोकरीमुळं त्या पुण्याहून बेंगळुरूला आलेल्या, या खुर्चीवर बसून दोनच वर्षं झालेली. भिंतीची मापं, फोटो, अग्निशामक दलाचं पत्र, सगळं त्यांनी स्वतः फिरून जमवलं होतं. ज्या शाळेत आधी काही घडलंय तिला अनुदान आधी मिळतं, हे त्यांना नियम वाचताना कळलं. त्यांनी संस्थेचे सचिव मोहनकुमार यांना विचारलं. सचिवांनी कपाटातून सात वर्षांपूर्वीच्या चौकशीचा अहवाल काढून दिला. तयार कागद आहे, जोडून टाका, असं ते म्हणाले.

सकाळी मॅडमनी तो अहवाल स्कॅन करायला गुंडूरावांच्या टेबलावर ठेवला. गुंडूरावांनी तो उघडलाही नाही. तो त्यांनीच टाइप केलेला होता.

गुंडूराव या शाळेत एकतीस वर्षं कारकून होते. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. कुठल्या सालचा दाखला कुठल्या गठ्ठ्यात आहे हे त्यांना न बघता सांगता येई. त्यांच्या हातून कधी कागद हरवला नाही, कधी उशीर झाला नाही, अशी त्यांची ख्याती होती. घरी बायकोलाही तसंच वाटत होतं.

सात वर्षांपूर्वी जून महिन्यात एक बाई ऑफिसात आल्या होत्या. त्यांची मुलगी रूपश्री पहिलीत होती. नवऱ्याशी फारकत झाली होती, मुलगी आईकडं राहील असा कोर्टाचा हुकूम होता, आणि बापाच्या हाती तिला देऊ नये असं पत्र त्यांनी लिहून आणलं होतं. गुंडूरावांनी पत्रावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि ते ट्रेमध्ये ठेवलं. फाटकावर सांगायला हवं होतं. दाखल्यांची गर्दी होती, उद्या सांगू म्हणाले, आणि राहून गेलं.

फाटकावर तुंगाबाई असायच्या. आया म्हणून लागलेल्या. प्रत्येक मुलाला कोण न्यायला येतं ते त्यांना तोंडपाठ. तिसऱ्या दिवशी दुपारी गुंडूरावांनी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं. काम शाळेचं नव्हतं. गुंडूरावांच्या धाकट्या मेहुणीच्या घरपट्टीच्या पावत्यांची झेरॉक्स हवी होती. तेवढा वेळ मी उभा राहतो, असं ते म्हणाले आणि फाटकावर जाऊन उभे राहिले. तेवढ्यात एक माणूस आला. नीटनेटका, नम्र. आजी आजारी आहे, मुलीला न्यायचंय, म्हणाला. मोबाइलवर मुलीचा फोटोही दाखवला. वर्गातून रूपश्रीला आणलं तर ती ‘अप्पा’ म्हणून बापाकडं धावतच सुटली. ट्रेमधलं पत्र गुंडूरावांना त्या क्षणी आठवलंच नाही. त्यांनी फाटकाची कडी काढून दिली.

मुलगी एकोणीस दिवसांनी सापडली, बळ्ळारीजवळच्या एका गावात. अंगावर जखम नव्हती, पण ती बोलत नव्हती. आईनं तिचं नाव काढून घेतलं आणि पुन्हा कुणी त्यांना पाहिलं नाही.

चौकशीत पहिला प्रश्न निघाला की त्या वेळी फाटकावर कोण होतं. कामाच्या तक्त्यात तुंगाबाईंचं नाव होतं. त्या टेबलासमोर उभ्या होत्या. त्यांनी काही उत्तर न देता गुंडूरावांकडं पाहिलं. गुंडूरावांनी समोरच्या कागदाकडं पाहिलं. आता त्या सांगतील, असं त्यांना वाटत होतं आणि त्या सांगतील तेव्हा आपण हो म्हणू, असं त्यांनी मनाशी ठरवलंही होतं. तुंगाबाई बोलल्या नाहीत. त्या आपल्या बोलण्याची वाट बघत होत्या, हे गुंडूरावांना फार नंतर कळलं. संध्याकाळी तुंगाबाईंना कामावरून काढलं.

एवढ्यावरही कदाचित गुंडूरावांनी आज दुपारी नवव्या रकान्यात ते नाव घातलं असतं. माणसाला सवय होते. पण महिन्यापूर्वी मारतहळ्ळीच्या एका लहान शाळेतून फोन आला होता. तुंगाबाई नावाची बाई आयाच्या कामासाठी आलीय, तुमच्याकडं होती म्हणते, कशी आहे? ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. बाई चांगली आहे, डोळे झाकून ठेवा, असं गुंडूराव म्हणाले होते. फोन ठेवल्यावर त्यांना बरंही वाटलं होतं. आणि आता अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की जबाबदार कर्मचाऱ्यांची यादी जिल्ह्यातल्या सर्व शाळांना कळवण्यात येईल.

साडेतीनपर्यंत त्यांनी बाकीचे रकाने दोनदा तपासले. मग नवव्यात ‘तुं’ एवढं अक्षर टाइप केलं आणि पुसलं. पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. दरम्यान मॅडमचा दोनदा निरोप आला. शेवटी त्यांनी एक कोरा कागद घेतला, त्यावर सावकाश, नेहमीच्या वळणदार अक्षरांत दहा-बारा ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि तो कागद आणि जुना अहवाल घेऊन मॅडमच्या खोलीत गेले.

मॅडमनी कागद उभ्यानं वाचला आणि खुर्चीत बसल्या. मग पहिल्यापासून पुन्हा वाचला.

“हे खरं आहे?”

“होय मॅडम. त्या पत्राचा आवक क्रमांक रजिस्टरात आहे. माझ्याच अक्षरात.”

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मॅडमनी दार लावून घेतलं. त्या चिडल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. हा कागद वर गेला तर जुना अहवाल खोटा ठरतो, चूक आयाची नव्हे तर ऑफिसची होती असं होतं, सचिव हे कधीच मान्य करणार नाहीत, आणि अर्ज पाठवायचा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतो, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. खिडकीतून पडकी भिंत दिसत होती. पहिलीची मुलं तिच्याजवळच खेळत होती.

“सात वर्षं गप्प बसलात. आज, पोर्टल बंद व्हायला पाऊण तास उरलाय तेव्हा का सांगताय?”

गुंडूरावांनी टेबलावरच्या जुन्या अहवालावर हात ठेवला.

“आजवर त्यांचं नाव आपल्या कपाटात होतं मॅडम. मला वाटायचं, कपाटात आहे तोवर स्वल्प बरं आहे. आज ते माझ्या हातानं सरकारात जाणार. त्या परत एका फाटकावर लागल्यात. तिथूनही जातील.”

“आणि तुमचं काय होईल, कळतंय?”

“सरी, ठीक आहे. ते कळतंय.”

मॅडम बराच वेळ कागदाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. त्या घटनेच्या वेळी त्या पुण्यात होत्या. या सगळ्यात त्यांचा काही दोष नव्हता. अर्ज गेला नाही तर भिंत पुढच्या वर्षावर जाणार होती, आणि पुढच्या वर्षी ही योजना असेलच असं नव्हतं. त्यांनी जुना अहवाल टेबलावरून उचलला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि उठल्या.

“चला. हा कागद स्कॅन करा. नववा रकाना तुम्हीच भरा.”

गुंडूरावांनी जबाबदार कर्मचाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं. आधार क्रमांक त्यांना पाठ होता, तरी त्यांनी कार्ड काढून एकेक आकडा जुळवला. कागद जोडायला घेतला तर चक्र फिरत राहिलं. चार चाळीसला पान बंद पडलं आणि सगळं पुन्हा उघडावं लागलं. मॅडम त्यांच्या खुर्चीमागं उभ्या होत्या. त्यांचा श्वास गुंडूरावांना ऐकू येत होता. चार एकोणपन्नासला ओटीपीची चौकट उघडली.

मॅडमनी सचिवांना फोन लावला. ते कुठल्यातरी मीटिंगमध्ये होते, तिसऱ्यांदा लावल्यावर उचलला. नंबर आलाय, पण अहवाल जोडलाय ना, असं त्यांनी विचारलेलं गुंडूरावांनाही ऐकू आलं.

“जोडलाय सर,” मॅडम म्हणाल्या. “सही केलेला आहे.”

सचिवांनी सहा आकडे सांगितले. गुंडूरावांनी ते टाइप केले. अर्ज पोचल्याची हिरवी ओळ आली तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती. मॅडम आपल्या खोलीत गेल्या आणि गुंडूरावांनी पोचपावतीची प्रत काढून फाइलला लावली.

पंधरा दिवसांनी सचिवांना सगळं कळलं. मॅडमना लेखी ताकीद मिळाली. गुंडूरावांना चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये, असं पत्र मिळालं. त्यावर जावक क्रमांक कुणीतरी चुकीच्या जागी घातला होता. घरी बायकोला त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्या पावत्या आपल्याच बहिणीच्या होत्या ना, एवढंच ती रात्री म्हणाली. संस्थेतल्या ओळखीच्या माणसांनी रस्त्यात भेटल्यावर घाईत असल्यासारखं करायला सुरुवात केली. पावसाळ्यानंतर अनुदान मंजूर झालं. मागच्या बाजूचं बांधकाम सुरू झालंय, असं मॅडमनी फोन करून सांगितलं. निवृत्तीची तारीख जवळ आली होती, पण निरोपाचा कार्यक्रम होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून तो विषय निघाला नाही.

दुपारी आता मोकळ्याच होत्या. एका बुधवारी ते बस धरून मारतहळ्ळीला गेले. शाळा एका गल्लीत, दोन पीजी हॉस्टेलांच्या मधे होती. फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर तुंगाबाई बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी गुंडूरावांना लांबूनच ओळखलं, उठून उभ्या राहिल्या, पण फाटक उघडलं नाही.

गुंडूरावांनी गजांच्या बाहेरून सगळं सांगितलं. अर्ज, नववा रकाना, कागद, आणि त्या कागदावर काय लिहिलं ते. ऐकताना तुंगाबाईंची नजर गल्लीच्या टोकाला होती. तिथून पालक यायला सुरुवात झाली होती.

“मग आता माझं नाव कुठं नाही?” त्यांनी विचारलं.

“कुठंच नाही.”

त्यांनी मान हलवली. आत घंटा होऊन मुलांचा गलका सुरू झाला.

“शाळा सुटतीय अण्णा,” त्या म्हणाल्या. “आता बोलायला व्हायचं नाही. शेवटचं मूल जाऊ दे. तिकडं त्या रांगेत थांबा.”

गुंडूराव मागं सरकले आणि भिंतीच्या कडेनं पालकांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. ऊन तिरपं डोळ्यांवर येत होतं. पुढं तुंगाबाई एकेका मुलाचा हात धरून, समोरच्या चेहऱ्याकडं नीट बघून, मग तो हात सोडत होत्या. कुणी घाई केली तरी त्यांची घाई होत नव्हती. रांग हळूहळू पुढं सरकत होती. गुंडूराव मात्र जागचे हलले नाहीत. मागून आलेल्या प्रत्येकाला ते बाजूला होऊन पुढं जाऊ देत राहिले.