पाय बरोबर होते

मित्रांनो, खेळघराच्या कोपऱ्यात गंजलेल्या कठड्याचे आणि झिजलेल्या चार पाट्यांचे जे नाचाचे यंत्र उभे आहे, ते मीच. गाणे वाजते, पडद्यावर बाण सरकतात आणि तालावर त्या त्या पाटीवर पाय टाकायचा, एवढाच माझा खेळ. माझ्या आधी तालाचे खेळ बोटांनी बटणे दाबून खेळत. मग कुणाला तरी वाटले, पायांनी काय घोडे मारले आहे? तेव्हा माझी जात जन्माला आली. आज फोनवर ताल धरणारे खेळ माझीच नातवंडे, पण आजीची चौकशी कोण करतो?

माझी सर्वांत लाडकी होती भिंगरी. इथल्या मिस्त्रीची ती धाकटी बहीण. ती नाचू लागली की लोक आपापले खेळ सोडून माझ्याभोवती जमत. पुढे तिने नाचाचा वर्ग काढला. मग जिन्यावरून पडून तिचा गुडघा मोडला. वर्षभराने ती म्हणाली, "दादा, आधी यंत्रावर नाचून बघते. जमलं तर वर्ग पुन्हा सुरू करते, नाहीतर दुसऱ्या बाईंना देऊन टाकते."

दादाला कोण आनंद झाला! तिच्यासाठी त्याने माझा जुना, जाडजूड पडदा काढून नवा, पातळ बसवला. चित्र लख्ख दिसले, तो खूश झाला. नाचून मात्र पाहिले नाही, कारण ताल आणि तो यांचा छत्तीसचा आकडा. मी पाऊल मोजते ते आवाजावर, आणि नव्या पडद्यावर बाण आवाजाच्या कणभर मागून येत होते.

भिंगरीचा दुखऱ्या पायावर भरवसा नव्हता. म्हणून ती कानांऐवजी डोळ्यांनी नाचली. मला तीनच शब्द येतात: छान, बरोबर, उशीर. मी पावलापावलाला 'उशीर' म्हणत राहिले. चूक माझी आहे, हे सांगायला चौथा शब्द नव्हता.

"पाय गेला माझा, दादा," ती खाली उतरत म्हणाली. दादा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मला फार वाईट वाटले.

त्यानंतर सगळ्यांनाच 'उशीर' मिळू लागला, पण जो तो आपल्यालाच जमत नाही असे समजून निघून जाई. तीन महिन्यांनी शेजारच्या बेकरीतली बाई नाचत असताना पडद्याची वायर निसटली. गाणे तिला पाठ होते, ती नाचतच राहिली. दादाने वायर जोडली, तेव्हा पडद्यावर ओळीने 'छान' उमटलेले होते.

"न बघताच बरं जमतं की मला," बाई हसून म्हणाली.

दादा हसला नाही. त्याने हिशेब जुळवून बाण आवाजाच्या बरोबरीला आणले आणि बहिणीला घेऊन आला.

"पाय चुकत नव्हता गं. मी चुकलो. पडदा बदलला, पण ताल तपासला नाही."

ती नाचली. मी 'छान' म्हणत राहिले. गाणे संपल्यावर ती कठडा धरून खाली उतरली.

"वर्ग मी गेल्या आठवड्यातच त्या दुसऱ्या बाईंना देऊन टाकला, दादा."

मित्रांनो, यंत्राची निगा म्हणजे नुसती धूळ पुसणे नव्हे. कुणाला 'उशीर' म्हणणारे यंत्र स्वतः वेळेवर आहे का, हेही अधूनमधून पाहत जा. माणसे आमचे म्हणणे फार खरे मानतात.