कुलूप न लागलेलं उत्तर

मित्रांनो, मी ईमेल पाठवणारा एक जुना प्रोग्रॅम आहे. तुमच्या आईवडिलांच्या संगणकावर मी कधीकाळी असेनही. आता बहुतेकांनी मला काढून टाकलं आहे. माझा रंग राखाडी, अक्षरं बारीक, आणि उघडायला मी अंमळ वेळ घेतो.

माझा जन्म शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत झाला. खालून मशिनांची घरघर येई आणि वर दोघं भावंडं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून मला लिहीत. भाऊ विमा कंपनीत नोकरी करी, धाकटी बहीण शिकवण्या घेई. त्यांनी मला विकलं नाही. मी आतून कसा बनलो आहे, ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. ज्याला हवं त्याने फुकट वापरावं, चूक दिसली तर सुधारून द्यावी. दूरदूरचे लोक हातभार लावू लागले. 'दिसायला साधा, पण भरवशाचा' असं कुणी लिहिलं, की भाऊ ते बहिणीला मोठ्याने वाचून दाखवी. ते माझे सुखाचे दिवस.

माझ्यात एक उणीव होती. माझं पत्र पाकिटाविना जाई. वाटेत ज्या ज्या संगणकातून ते पुढे सरके, तिथल्या माणसाच्या मनात आलं तर त्याला ते वाचता येई.

बहिणीची एक मैत्रीण रंगाच्या कारखान्यातल्या दवाखान्यात नर्स होती. कामगारांच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं होतं, आणि कारखान्याचा डॉक्टर 'सर्दी' म्हणून त्यांना पुन्हा कामावर धाडत होता. नर्सबाईंना हे शहरातल्या एका तज्ज्ञ डॉक्टरला कळवायचं होतं. पण त्या राहायच्या कारखान्याच्या वसाहतीत, आणि तिथलं इंटरनेटही कारखान्याचंच.

"मला बंद पत्र पाठवता यायला हवं गं," त्या एका दुपारी खोलीत येऊन म्हणाल्या. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण ज्या कामगाराने मला हे सगळं सांगितलं, त्याची पोरं लहान आहेत."

बहिणीने मनावर घेतलं. मजकूर असा उलटापालटा करायचा, की ज्याच्याजवळ किल्ली असेल त्यालाच तो वाचता यावा. याला एन्क्रिप्शन म्हणतात. काम फार किचकट होतं. तिच्या शिकवण्या सुटल्या, डोळे सुजले, टेबलावर चहा गार होऊन जाई. अखेर 'पाठवा' या बटणाशेजारी एक छोटं कुलूप दिसू लागलं. ते दाबलं की पत्र बंद.

पण तिला आणखी एक गोष्ट करायची होती.

"दादा, बंद पत्राला उत्तर देताना कुलूप आपोआप लागलं पाहिजे. माणूस विसरतो रे. आणि उत्तराखाली मूळ पत्र जसंच्या तसं चिकटलेलं असतं."

"अगं, पण समोरच्याची किल्ली सापडली नाही, तर उत्तर जाणारच नाही. लोक वैतागतील."

"वैतागू देत."

"पुढच्या आवृत्तीत बघू. सगळे कधीचे वाट बघतायत. आता आहे तसं जाऊ दे."

मी कुलपासकट बाहेर पडलो. माझं खूप कौतुक झालं.

नर्सबाईंनी लांबलचक पत्र लिहिलं. त्यात आजाराची लक्षणं होती आणि त्या कामगाराचं नावही होतं. त्यांनी आठवणीने कुलूप लावलं, आणि मी ते कुणाला कळू न देता पोचवलं.

शहरातला तो डॉक्टर भला माणूस होता. पत्र वाचून तो हादरला. बाहेर रुग्ण खोळंबलेले, त्याने माझ्यातूनच घाईघाईने उत्तर लिहिलं, 'लगेच भेटा. त्याला घेऊन या.' कुलूप दाबायचं राहून गेलं. त्या दोन वाक्यांखाली नर्सबाईंचं सगळं पत्र उघडंवाघडं लटकत होतं. तसंच ते कारखान्याच्या संगणकातून गेलं. मला थांबता आलं असतं. पण थांब, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

नर्सबाईंची नोकरी गेली. कामगाराला रंग ढवळायच्या खोलीत टाकलं, जिथे वाफ सर्वांत दाट असे. घर कारखान्याचं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. तो मुकाट्याने जात राहिला आणि थंडी सरायच्या आत वारला. डॉक्टरने तक्रार केली, पण साक्ष द्यायला कुणी धजावलं नाही.

"एवढंसं काम होतं, दादा," बहीण दारात उभी राहून म्हणाली. ती जिना उतरून गेली ती परत आली नाही.

त्याच आठवड्यात भावाने उत्तराला आपोआप कुलूप लावायचा तो नियम माझ्यात घातला. तक्रारी आल्याच: उत्तर जात नाही, डोक्याला ताप झालाय. त्याने नियम हलवला नाही. कंटाळून लोक मला सोडून गेले, मदतनीसही पांगले. आता मला दुरुस्त करणारा तो एकटाच. त्याचे केस पिकलेत आणि नजर अधू झाली आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी दुसऱ्यांसाठी काही बनवाल. विसरणारा माणूस वाईट नसतो. त्याला सांभाळून घेईल अशी वस्तू बनवा. आणि टेबलापलीकडून कुणी 'हे आधी करू या' म्हणालं, तर त्याला पुढच्या वेळेचा वायदा देऊ नका.

भाऊ अधूनमधून बहिणीला पत्र लिहितो. बराच वेळ लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. तिने पत्र उघडल्याची पोच येते, उत्तर येत नाही. त्या पत्रांत काय असतं ते मला ठाऊक आहे, कारण बंद होण्याआधी ती माझ्यासमोरच लिहिली जातात. पण ते मी तुम्हाला सांगणार नाही.